पीएस ४ चालू होतो, पण टीव्हीवर 'नो सिग्नल'. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. इथं नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

घरी गेम खेळायचा पीएस ४ (प्लेस्टेशन) स्लिम आहे, ५०० जीबीवाला. लॉकडाउनच्या आधी एका ओळखीच्याकडून वापरलेला घेतला होता. परवा संध्याकाळी आमच्याकडं लाईट गेली, आली, लगेच परत गेली आणि पाऊण तासानं आली. तेव्हापासून हा प्रकार: बटण दाबलं की 'बीप' वाजतो, दिवा आधी निळा होतो, मग पांढरा. पंखा फिरतो. कंट्रोलरचाही दिवा लागतो. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'. सेट टॉप बॉक्स त्याच टीव्हीवर व्यवस्थित चालतोय.

आज दुपारी पिशवीत घालून एका दुकानात नेला. त्यांनी उघडलासुद्धा नाही. पाच मिनिटं लावून पाहिला आणि म्हणाले, "मदरबोर्ड गेलाय. एचडीएमआयचा आयसी, म्हणजे टीव्हीला चित्र पाठवणारी चिप, बदलावा लागेल. ४५०० रुपये. गॅरंटी नाही." मी परत घेऊन आले.

अजून एक. हा दोन-तीन महिन्यांपासून फार आवाज करत होता. वीस मिनिटं खेळलं की पंखा असा सुटायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, मिक्सर कोण लावलंय? दोनदा तर 'पीएस ४ फार गरम झालाय' असा मेसेज येऊन बंदच पडला. याचा आणि त्याचा काही संबंध असेल का?

४५०० घालावेत की नाही, एवढंच विचारायचंय.

---

पुण्यात_अडकलेला | शनिवार, रात्री ११:३०

भंगारात टाका आणि पीएस ५ घ्या. २०१६ चं मॉडेल आहे ते भाऊ. किती दिवस ओढणार?

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ११:३४

हे पुण्याला गेले की असंच बोलतात. भंगारात टाका, नवीन घ्या. पैसे झाडाला लागतात का बे?

मुलाला सुट्ट्या लागल्यात, त्याच वेळी बंद पडलाय वाटतं. तोवर आमरस खाऊ घाला त्याला.

---

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११:४१

भाऊ नाही, ताई. आणि मुलाचा नाही, माझा आहे. दिवसभर कारखान्यांची खाती लिहिते, जीएसटीचे रिटर्न भरते. रात्री अर्धा तास गाड्या पळवल्या की डोकं शांत होतं.

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ११:४३

चुकलं ताई. आमरस तुम्हीच खावा.

---

मदरबोर्डबाबा | रविवार, सकाळी ७:०५

ताई, ४५०० रुपये अजून खिशातच ठेवा. न उघडता 'आयसी गेला' म्हणणाऱ्याला तुमच्या खिशाचा अंदाज असतो, मशीनचा नसतो. आयसी जातो, नाही असं नाही. पण ते सगळं तपासून झाल्यावर म्हणायचं असतं.

मी पिक्चर ट्यूबच्या टीव्हीपासून दुरुस्त्या केल्यात, आता दुकान बंद केलंय. तेव्हापासून एकच सवय: बिघाड कुठं नाही ते आधी ठरवायचं. तुमच्या मशीनला बीप आहे, पांढरा दिवा आहे, कंट्रोलर जोडला जातोय. म्हणजे वीजपुरवठा ठीक, प्रोसेसर ठीक, हार्ड डिस्कही बहुतेक ठीक. दिवा निळाच लुकलुकत राहिला असता आणि पांढरा झालाच नसता, तर मीही जरा गप्प बसलो असतो. उरतं काय? चित्र बाहेर पडण्याची वाट. त्या वाटेवर चार स्टेशनं: मशीनमधला आयसी, मशीनचं पोर्ट, केबल, टीव्हीचं पोर्ट. दुकानदारानं चारांतलं सगळ्यात महाग निवडलं.

आता हे करा. मशीन पूर्ण बंद करा. केशरी दिव्याच्या रेस्ट मोडमध्ये नको, पूर्ण बंद. मग पॉवरचं बटण दाबून धरून ठेवा. एक बीप लगेच येईल. सोडू नका. साधारण सात सेकंदांनी दुसरा बीप येईल, तेव्हा सोडा. याला सेफ मोड म्हणतात. त्यात मशीन अगदी साध्या, ४८० ओळींच्या रेझोल्यूशनमध्ये चित्र टाकतं. चित्र आलं तर आयसी मेलेला नाही. नाही आलं तर पुढं बघू.

---

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९:२०

बाबा, केलं. काही नाही. काळा पडदाच.

---

मदरबोर्डबाबा | रविवार, सकाळी ९:२६

दुसरा बीप ऐकलात का?

---

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९:२९

खरं सांगू? खाली माग चालू होते. पहिला ऐकला, दुसरा वाजला असेल असं समजून सोडलं.

---

होटगीरोड | रविवार, सकाळी ९:४०

माग? रविवारी?

---

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९:५२

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या मागं. तळमजल्यावर चुलत्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, वर आम्ही. ऑर्डर असली की रविवारही चालतो. सवय आहे. माग बंद पडले की झोप लागत नाही.

जेवणाच्या सुट्टीत बंद होतील, तेव्हा परत करते.

---

कडकभाकरी | रविवार, दुपारी १:१८

आलं!!! चित्र आलं!

दोन बीप मोजले आणि सोडलं. पडद्यावर जरा जाड अक्षरं, पण स्पष्ट. 'डुअलशॉक ४ यूएसबी केबलनं जोडा आणि पीएस बटण दाबा' असं लिहिलंय.

जोडलंय. दाबतेय. काहीच होत नाही. कंट्रोलरचा दिवा केशरी लुकलुकतोय, म्हणजे चार्ज होतोय. पण पुढं सरकतच नाही.

---

मदरबोर्डबाबा | रविवार, दुपारी १:२५

पहिली बातमी मोठी आहे: आयसी जिवंत आहे.

दुसरीचं कारण तुमची यूएसबी केबल. बाजारात स्वस्तातल्या पुष्कळ केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. आत वीज नेणाऱ्या दोनच तारा, माहिती नेणाऱ्या दोन तारा घातलेल्याच नसतात. सेफ मोडमध्ये कंट्रोलर ब्लूटूथवर चालत नाही, तारेवरच चालतो. जुन्या मोबाईलबरोबर डब्यात आलेली मायक्रो यूएसबी केबल शोधा.

---

सातरस्ता | रविवार, दुपारी १:४०

याच कारणानं मी एक कंट्रोलर 'खराब' म्हणून मेहुण्याला दिला होता. तो अजून वापरालाय. परत मागावा का?

---

शेंगाचटणी | रविवार, दुपारी १:४४

मेहुण्याकडून काही परत आलेलं ऐकलंय का कधी?

---

कडकभाकरी | रविवार, दुपारी ३:०२

ट्रंकेत जुन्या मोबाईलचा डबा सापडला. केबल जोडली, पीएस बटण दाबलं, मेनू उघडला. सात पर्याय आहेत. कुठला दाबू? 'इनिशियलाइज' दाबायचं का? त्यानं सगळं नवीन होईल असं वाटतंय.

---

मदरबोर्डबाबा | रविवार, दुपारी ३:०४

६ आणि ७ ला हात लावू नका! नवीन होईल, पण तुमचे सेव्ह केलेले गेम सगळे पुसून.

२ नंबर: रेझोल्यूशन बदला. तो आधी करा. आणि एकदा ५ नंबर, 'रिबिल्ड डेटाबेस'. चालू मशीनची वीज अचानक गेली की हार्ड डिस्कवरची नोंदवही विस्कटते. ५ नंबर ती नोंदवही पुन्हा लिहून काढतो, गेम आणि सेव्ह जागेवरच राहतात. वेळ लागेल, मध्ये बंद करायचं नाही. लाईटचा भरवसा असेल तेव्हाच करा.

---

कडकभाकरी | रविवार, रात्री ९:१५

दुपारभराचा हिशेब देते.

५ नंबर आधी केला. पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी मीटरकडं बघत बसले होते.

मग २ नंबर. मशीन परत सुरू झालं आणि चक्क नेहमीचा मेनू दिसला, चित्र जरा धुरकट. सगळे गेम जागेवर. आनंदानं सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन 'ऑटोमॅटिक' केलं आणि परत 'नो सिग्नल'. आधी वाटलं माझाच हात चुकला. परत सेफ मोड, परत २ नंबर, परत चित्र. १०८० केलं की गेलं. ७२० ला येतं, पण मध्येच पांढरे ठिपके चमकतात, चुन्याची निवळी उडाल्यासारखे.

आता काय?

---

मदरबोर्डबाबा | रविवार, रात्री ९:३०

फार छान तपासलंत. त्या ठिपक्यांनीच चोर पकडून दिला.

४८० च्या चित्राला केबलमधला ठोका सेकंदाला २.७ कोटी वेळा पडतो, २७ मेगाहर्ट्झ. १०८० ला तोच १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे पाच पटींहून जास्त. खराब रस्त्यावर सायकल निघून जाते, ट्रक अडकतो, तसं आहे हे. केबलची एखादी तार अर्धवट तुटली असेल किंवा पिन नीट टेकत नसेल, तर कमी रेझोल्यूशन निभतं आणि जास्त पडतं. ठिपके म्हणजे वाटेत सांडलेली माहिती.

सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल काढून पीएस ४ ला लावा. टीव्हीचंही दुसरं पोर्ट वापरून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही. आणि लावताना-काढताना दोन्हीकडचे प्लग भिंतीतून काढून ठेवा. पीएस ४ स्लिमची वायर दोन पिनची, तिला अर्थिंग नसतंच. टीव्हीला केबलवाल्याची तार छतावरून आलेली असते. दोन्हींच्या धातूमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो, कधी हाताला मुंगी चावल्यासारखं लागतं ते हेच. चालू मशीनमध्ये केबल खुपसताना तो फरक त्या बारीक आयसीतून जातो. दुकानदार म्हणतो तसा आयसी खरंच जातो तो बहुतेक अशानं.

---

रामभरोसे_७७ | रविवार, रात्री ९:५०

एवढं कशाला? मदरबोर्ड काढायचा, हीट गननं आयसी गरम करायचा, पाच मिनिटांत काम. व्हिडिओ बघा, हजार आहेत.

---

मदरबोर्डबाबा | रविवार, रात्री १०:०२

व्हिडिओ हजार आहेत, कारण मशीन महिन्याभरानं परत बंद पडतं तेव्हा कोणी व्हिडिओ काढत नाही.

या बोर्डांवरचं बिनशिशाचं कथील वितळायला २१७ अंशांच्या वर जावं लागतं. घरातली हीट गन एका जागी ३५० देते आणि दोन बोटांवर १५०. बोर्ड वाकतो, शेजारचे बारीक भाग सरकतात. चिप गरम झाल्यानं चार दिवस जागी होते, त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आणि या ताईंची चिप जिवंत आहे हे आत्ताच सिद्ध झालंय. जिवंत माणसाला कशाला भाजताय?

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री ८:४०

केबल होती.

सेट टॉप बॉक्सची केबल लावली, १०८० केलं, आलं. अर्धा तास चालवून बघितलं, एक ठिपका नाही. जुनी परत लावली, गेलं. परत नवी, आलं. तीनदा केलं, कारण विश्वासच बसेना.

मग जुनी केबल हातात घेऊन टॉर्च मारला. पीएस ४ कडच्या टोकाचं पत्र्याचं तोंड एका बाजूनं दबलं होतं आणि रबर जिथं संपतं तिथं वायर मुरगळलेली. आता आठवलं: त्या दिवशी लाईट गेल्यावर अंधारात भाची मेणबत्ती आणायला पळाली आणि टीव्हीच्या टेबलाला अडखळली होती. सगळे तिच्या गुडघ्याकडं बघत होते, केबलकडं कोण बघणार. मी आपली चार दिवस लाईटला शिव्या देत होते.

नवी केबल २२० रुपयांची. ४५०० मधून २२० वजा करून जे उरतं त्याचे पेढे बाबांना.

---

सातरस्ता | सोमवार, रात्री ८:५५

लाईटवरून आठवलं. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे त्यांनी मागं एक छोटा खटका बघा, यूपीएस आणि नॉर्मल असा. आमचा नॉर्मलवर होता. लाईट गेली की पंखे-दिवे नुसते डोळा मिचकावायचे, पण पीएस ४ बंद पडून परत सुरू व्हायचा. यूपीएसवर केल्यावर थांबलं. नॉर्मलला बदल व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ मशीन दम धरू शकत नाही. तोटा एवढाच की यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजचे नखरे करतो, जरा कमी झालं की बॅटरीवर जातो.

स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही, ही मशीन १०० ते २४० व्होल्टवर चालतात. कमी व्होल्टेज सोसतात, लाईट येतानाचा झटका सोसत नाहीत. लाईट गेली की प्लगच काढायचा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबायचं.

---

होटगीरोड | सोमवार, रात्री ९:१०

आमच्या वेळी बरं होतं. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला कॅसेटचा व्हिडिओ गेम. चालला नाही की कॅसेट काढायची, फू करायचं, परत लावायची. लागलाच.

---

मदरबोर्डबाबा | सोमवार, रात्री ९:२२

फुंकरीनं नाही, काढून परत घातल्यानं चालायचा. पिना पुन्हा घासून नीट टेकायच्या. फुंकरीतल्या ओलीनं उलट त्या पिना हिरव्या पडायच्या. त्या हिरव्या पिना खोडरबरानं पुसून मी बरेच पैसे कमावलेत, तेव्हा फुंकरीचे आभारच.

ताई, पेढे नंतर. 'फार गरम झालाय' हा मेसेज विसरू नका. तो दुसरा आजार आहे आणि तो खरा आहे. मशीन कुठं ठेवलंय?

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री ९:४५

टीव्हीखालच्या कप्प्यात. मागं फळी आहे. आणि… (हसू नका) त्यावर टॉवेल असतो. धूळ बसू नये म्हणून आई टाकते. मी रेस्ट मोडमध्ये ठेवते, दिवा केशरी दिसतो, आईला वाटतं बंद आहे.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:४७

कारखाना टॉवेलचा, पांघरूण टॉवेलचं. घरची वस्तू, फुकट.

---

मदरबोर्डबाबा | सोमवार, रात्री १०:०५

हसत नाही, कपाळाला हात लावलाय फक्त.

या मशीनच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलंय. सोलापुरात मे महिन्यात बाहेर ४२ असतं, पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर रात्री दहालाही खोली ३५ च्या खाली येत नाही. म्हणजे आपण सुरुवातच त्याच्या मर्यादेवरून करतो. त्यात कप्पा, फळी, टॉवेल. आणि रेस्ट मोड म्हणजे झोप, बंद नव्हे. त्यात लाईट गेली तरी ते अचानक बंद पडणंच झालं. रोज पूर्ण बंद करत जा.

पण मला खरी शंका वेगळीच आहे. खाली टॉवेलचे माग आहेत म्हणालात. उघडावं लागेल. जमेल का तुम्हाला?

---

कडकभाकरी | सोमवार, रात्री १०:१२

शिलाई मशीन मी स्वतः उघडून तेल घालते. सांगा.

---

मदरबोर्डबाबा | सोमवार, रात्री १०:४०

मग जमेल.

स्क्रू सहा टोकांचे असतात आणि मधोमध बारीक खुंटी असते, म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला भोक लागतं. साधा स्क्रूड्रायव्हर लावून टोकं घासू नका. मोबाईलच्या सुट्या भागांच्या दुकानात सिक्युरिटी टॉर्क्स म्हणून मागा, टी-८ मापाचा चालतो. मागच्या बाजूच्या स्टिकरखाली स्क्रू असतात. स्टिकर निघाला की वॉरंटी गेली असं कंपनी धरते, पण तुमची कधीच संपली.

प्लग काढून अर्धा तास ठेवा. आत एक बंद डबा दिसेल, घरची वीज जिथं येते तो. तो स्क्रू काढून अख्खा उचलता येतो, पण डबा स्वतः उघडायचा नाही, कुठल्याही कारणानं नाही. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की ३२५ व्होल्ट होते आणि तिथल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ राहते. एवढी एकच जागा आहे जिथं मी चेष्टा करत नाही.

प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीनं लावा, लांबी वेगवेगळी असते. मऊ ब्रश घ्या, रंगाचा नवीन. पंखा साफ करताना काडीनं अडवून धरा, फिरू देऊ नका. आणि पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारू नका! त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, हवेबरोबर तेही येतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीनं स्थिर वीज तयार होते.

चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला सांगणारे येतील. आत्ता नको. आधी साफ करून बघा. नाही भागलं तर पुढच्या वेळी.

---

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, सकाळी १०:१५

ताई, पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी. हे वाचून माझा पीएस ४ पण उघडावासा वाटालाय. आणि हो, सोलापुरी 'वाटालाय' अजून निघतं तोंडातून.

---

कडकभाकरी | बुधवार, रात्री १०:५५

काल वेळ मिळाला नाही, रिटर्नची तारीख होती. आज केलं.

नवी पेठेतून १२० रुपयांचा बिट आणला. संध्याकाळी गच्चीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. भाची टॉर्च धरायला (गुडघ्याला अजून पट्टी आहे, पण उत्साह दांडगा). झाकण उचललं तेव्हा फार काही वाटलं नाही, कोपऱ्यांत राखाडी धूळ, असते तशी. पंख्याच्या पात्यांवर जाड थर, तो ब्रशनं निघाला.

मग तो वीजेचा डबा अख्खा उचलून बाजूला ठेवला आणि आतल्या धातूच्या पातळ पट्ट्या दिसल्या, ज्यातून हवा जायला पाहिजे. पट्ट्या दिसल्या म्हणतेय, पण पट्ट्या दिसतच नव्हत्या. पंख्याच्या बाजूच्या तोंडावर एक पांढरी पट्टी चिकटून बसली होती. मला वाटलं कंपनीनंच फोम लावलाय. भाची म्हणाली, आत्या, हे कापड आहे. नखानं एक कोपरा सोडवला आणि हळूच ओढलं तर सलग निघालं. करंगळीएवढं रुंद, बोटभर लांब, दाबून बसवलेल्या नमद्यासारखं. उजेडात धरलं तर मध्ये निळे आणि गुलाबी बारीक तंतू. गेल्या दिवाळीत कारखान्यात निळ्या-गुलाबी काठाचे टॉवेल चालले होते. तो माल अख्ख्या गावानं वापरला आणि थोडा माझ्या पीएस ४ नं.

चुलत्यांना दाखवलं. त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "वीस नंबरचं सूत दिसतंय." बाकी काही बोलले नाहीत.

टॉवेलच्या सुताला पीळ कमी असतो, म्हणून मागावर कापूस जास्त उडतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. संध्याकाळी जिन्याच्या जाळीवर बोटानं नाव लिहिता येतं एवढा बसतो. पण तोच कापूस पंखा ओढून घेत असेल आणि आत बसून विणत असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

सगळं ब्रशनं साफ केलं, स्क्रू चित्राप्रमाणं लावले. एक उरला.

---

शेंगाचटणी | बुधवार, रात्री ११:००

एक उरलाच पाहिजे, त्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही.

---

मदरबोर्डबाबा | बुधवार, रात्री ११:०८

उरलेला कुठला? लांब की आखूड?

---

कडकभाकरी | बुधवार, रात्री ११:३०

सापडली जागा. डब्याच्या कोपऱ्यातला होता, परत उघडून लावला. चित्रात भाचीनं त्यावर फूल काढलं होतं म्हणून दिसला नाही.

आता लावलाय. टेबलावर ठेवलाय, चारी बाजू मोकळ्या. टॉवेल आईनं काढला, पण मनातून काढलेला नाही. विचारत होती, रात्री बंद असताना तरी टाकू का?

---

मदरबोर्डबाबा | बुधवार, रात्री ११:३६

पूर्ण बंद असताना, गार झाल्यावर, जरूर टाका म्हणावं. तुमच्या घरात तर टाकायलाच पाहिजे. फक्त चालू करताना काढायची आठवण कंट्रोलरवर चिठ्ठी लावून ठेवा. आणि दर तीन महिन्यांनी झाकण उघडा. बाकीच्यांना वर्षातून एकदा पुरतं, तुम्हाला नाही.

---

कडकभाकरी | शुक्रवार, रात्री १०:२०

दोन दिवस झाले. काल दीड तास सलग खेळले, खोलीत पंखा, खिडक्या उघड्या. मेसेज नाही, बंद पडला नाही. पंख्याचा आवाज वाढतो, पण मिक्सर नाही, फार तर टेबल फॅन. आईनं एकदाही हाक मारली नाही.

त्या दुकानात परत जाऊन तो निघालेला पट्टा दाखवावा असं फार वाटलं. मग वाटलं, जाऊ दे. डबीत घालून ठेवलाय. भाची म्हणते शाळेत नेणार.

---

सातरस्ता | शुक्रवार, रात्री १०:३३

मेहुण्याला फोन केला. कंट्रोलर देत नाही म्हणाला. चांगला चालतोय म्हणे.

---

बाळीवेस_नवीन | रविवार, दुपारी १२:४८

नमस्कार, आजच सदस्य झालो. पूर्ण धागा वाचला, मस्त. माझा पीएस ३ आहे, जुना जाडा. चालू केला की पिवळा दिवा येतो आणि तीन बीप देऊन लाल लुकलुकतो. एचडीएमआय केबल बदलली, काही फरक नाही. टॉवेल घालत नाही. काय करू?

---

मदरबोर्डबाबा | रविवार, दुपारी १:१०

केबलचा प्रश्न नाही हा. वेगळा धागा काढा, आणि तोपर्यंत त्या रामभरोसेंचं ऐकू नका.